ढोबळ अक्षरांचा पेंटर

पेंटरचं दुकान माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. माझं काम फोटोंच्या चौकटी आणि काचा, त्याचं काम दुकानांच्या पाट्या. मधला रस्ता इतका अरुंद की त्याने ब्रश झटकला की माझ्या काचेवर ठिपके उठायचे आणि मग आमची जुंपायची. तो मला काच्या म्हणायचा, मी त्याला पेंटर. खरी नावं दोघांनाही होती, पण ती सरकारी कागदांपलीकडे कुणी फारशी वापरली नाहीत.

शहराच्या जुन्या भागातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. त्याची अक्षरं खाऊनपिऊन सुखी असल्यासारखी दिसायची. पोटात गोलाई, मानेत डौल आणि शेवटी शेपटाला हलकासा मुरका. पेन्सिलीने आधी रेघा आखून घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. शिडीवर चढायचा, एक डोळा बारीक करून फळीकडे बघायचा आणि थेट रंगातच सुरू.

त्या दिवशी तो कोपऱ्यावरच्या शिंप्याची पाटी रंगवत होता. ‘येथे कपडे दुरुस्त करून मिळतील.’ ‘दुरुस्त’पर्यंत आला आणि नेहमीसारखा खाली उतरून माझ्या दारापर्यंत मागे मागे आला, लांबून कसं दिसतं ते बघायला. बघतच राहिला.

“काच्या, हे कुणी लिहिलंय?”

“कुणी म्हणजे? तूच.”

“काय लिहिलंय मी?”

मला वाटलं, मस्करी करतोय. मी आपलं मोठ्यांदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, “उगाच काहीतरी सांगू नकोस. ही अक्षरंच नाहीत. नुसता गुंता आहे.”

मग तो परत शिडीवर चढला आणि ‘करून मिळतील’ एका दमात लिहून मोकळा झाला. एक वळण चुकलं नाही, एक काना हलला नाही. खाली उतरला, वर बघितलं, आणि ब्रश हातातच ठेवून माझ्या पायरीवर बसला. चेहरा असा की जणू कुणीतरी त्याच्या घराचं दार बदलून टाकलंय. तेव्हा मात्र मी त्याच्या घरी निरोप धाडला.

डॉक्टरांनी वहिनींना, म्हणजे पेंटरच्या बायकोला, आणि मला समोर बसवून सांगितलं. मेंदूतली एक छोटी रक्तवाहिनी तुंबली होती. बोलणं शाबूत, हात शाबूत, डोळे जवळजवळ शाबूत. फक्त डोळ्यांना दिसलेलं अक्षर जिथे ओळखलं जातं, तिथे जाणारी वाट बंद झाली होती. त्याला लिहिता येईल, वाचता येणार नाही. स्वतःचं लिहिलेलंसुद्धा नाही.

वहिनी बाई समंजस, पण हे काही त्यांच्या गळी उतरेना. “असं कसं असेल? हात लिहितो आणि डोळ्याला पत्ता नाही? दोघं एकाच माणसाचे ना?”

“हो, असं होतं कधीकधी,” डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हाला कळलं?” मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

पेंटरलाही कळलं नव्हतं. तो घरी सगळ्यांची परीक्षा घेत बसायचा. कागदावर काहीतरी लिहायचा आणि वहिनींना म्हणायचा, “वाच.” त्या वाचायच्या. “बरोबर, हेच लिहायचं होतं,” तो म्हणायचा आणि कागद उलटासुलटा करून बघायचा. एकदा चहात मीठ पडलं, कारण डब्यावरची चिठ्ठी त्याने अंदाजानेच वाचली. एकदा बसच्या पाटीखाली उभा राहून तीन बसेस सोडल्या आणि चौथीत चढला ती भलतीच निघाली. त्यालाच एक युक्ती सापडली. पाटीवरच्या अक्षराच्या कडेकडेने नजर फिरवायची आणि तसंच बोट मांडीवर फिरवायचं. बोटाला अक्षर कळायचं. पण एक शब्द व्हायला इतका वेळ लागायचा की शेवटचं अक्षर हाती येईस्तोवर पहिलं विसरलेलं असायचं.

“सगळ्यात छळते ती वरची रेघ,” तो मला सांगायचा. “एकाच दोरीवर सगळ्या घराचे कपडे वाळत घातल्यासारखं. कुठला सदरा कुणाचा तेच कळत नाही. आणि तो घ आणि ध. आणि म आणि भ. सख्खे जुळे. इतकी वर्षं मी यांना वेगळं कसं काय ओळखत होतो रे?”

दुकान बंदच होतं. तो दिवसभर माझ्याकडे बसायचा. चौकटीत फोटोभोवती जो जाड पुठ्ठा बसवतात त्याला मधे भोक पाडावं लागतं, कधी गोल, कधी चौकोनी. पडलेले तुकडे मी पोत्यात टाकायचो. पेंटर ते उचलून हातात फिरवत बसायचा. एके दिवशी त्याने एक जाड पट्टी उभी ठेवली, तिच्या डाव्या अंगाला एक भरीव गोल टेकवला आणि म्हणाला, “व.”

मी बघितलं. आकाराने व होताच, म्हटलं तर.

“बोट न फिरवता ओळखला,” तो म्हणाला. “गोल मला दिसतोय काच्या. चौकोन दिसतोय. त्रिकोणही.”

तिथून त्याला ध्यासच लागला. व म्हणजे पट्टी आणि गोल. त्याच गोलाच्या पोटात आडवी चीर दिली की ब. पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन गोल, झाला क. म म्हणजे भरीव चौकोन आणि पट्टी. आणि भ त्याच्याशी गोंधळू नये म्हणून चौकोनाच्या जागी त्रिकोण, टोक डावीकडे. काना म्हणजे नुसता खांब. वेलांटी म्हणजे पाव गोल. वरची रेघ साफ उडवली. पोटातल्या पोकळ जागाही बुजवल्या, कारण भोकं दिसली की त्याचा डोळा परत गुंत्यात शिरायचा. अक्षरं अशी ठोकळ्यासारखी झाली की टेबलावर मांडल्यावर एखादं यंत्र खोलून ठेवल्यासारखं वाटावं.

आम्हाला मात्र ती वाचता येईनात. म्हणजे गंमत बघा, त्याला दिसत होतं आणि आम्ही अडखळत होतो. वहिनींनी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हे बरं होण्याचं लक्षण समजायचं की वाढण्याचं?”

मी पोत्यातले आणखी तुकडे काढून पेंटरपुढे ठेवले.

पुढच्या चौकात एक तरुण माणूस खेळांचं दालन काढत होता. पडद्यावरचे खेळ, अंधारी खोली, निळे दिवे. तो माझ्याकडे काचा बघायला आला आणि टेबलावरचे पुठ्ठे बघून थबकला.

“काका, ही अक्षरं कुणाची?”

“माझी,” पेंटर म्हणाला.

“काय भन्नाट आहेत! पुढच्या शतकातली वाटतात.”

“पुढच्या? मी तर गेल्या महिन्यातलं परत मिळतंय का बघतोय.”

त्या खेळवाल्याला ते फारसं कळलं नाही, पण त्याने पाटी द्यायची ठरवली. दालनाचं नाव त्याने ठेवलं होतं ‘उद्या’. पेंटरने माणसाएवढ्या उंचीची अक्षरं कापून, काळी रंगवून भिंतीवर ठोकली. लांबून बघितलं तर आकाशातून काहीतरी येऊन भिंतीत रुतल्यासारखं. माणसं थांबून बघायची. निम्म्यांना वाचता यायचं नाही आणि ज्यांना वाचता यायचं त्यांचा वेगळाच घोटाळा. “काय लिहिलंय?” “उद्या.” “बरं, मग उद्या येतो.” खेळवाला दारात उभा राहून ओरडायचा, “अहो, आजच उघडंय!” पण या गोंधळानेच दालनाची इतकी चर्चा झाली की तो खूश होता.

पेंटरची मुलगी परगावी एका छापखान्यात पुस्तकांची पानं मांडायची. तिशी ओलांडली तरी घरात तिला चिमणीच म्हणत. आजारपणात ती आली होती, परत गेली होती. ‘उद्या’ची पाटी बघायला ती पुन्हा आली आणि या वेळी मुक्कामच ठोकला. तिने बापाकडून एकेक अक्षर पुठ्ठ्यात करून घेतलं, संगणकावर चढवलं, जोडाक्षरं जुळवली. नाव काय द्यायचं यावर वहिनी सहज म्हणाल्या, “आहेत ती आपली ढोबळ.” तेच नाव पडलं. ढोबळ.

चिमणीने पहिल्यापासून एक गोष्ट सगळ्यांना बजावली होती. “हे मोठं असेल तर बोलतं, लहान केलं की पुटपुटतं. एक शब्द, फार तर दोन. भिंतीवर, पडद्यावर, पोस्टरवर. याच्यात वाक्यं लिहू नका.” लोकांनी सुरुवातीला ऐकलं. व्यायामशाळेवर ढोबळ लागलं आणि शोभलं, तिथे सगळं जडच असतं. गाणाऱ्या पोरांच्या एका टोळक्याने ते आपल्या ढोलांवर छापलं. पाण्याच्या उंच टाकीवर एकच अक्षर आलं, प. ते हमरस्त्यावरून दिसायचं. एका दुकानाने वाढदिवसाच्या केकवर घातलं, त्याचं मात्र कुणाला काय लिहिलंय ते खाईपर्यंत कळलं नाही.

पेंटर बावरलेला असायचा. लोक येऊन त्याचा हात हातात घ्यायचे. “सुचलं कसं हो तुम्हाला?” तो माझ्याकडे बघायचा, मी छताकडे. “सुचलं नाही हो,” तो म्हणायचा. “बाकीचं गेलं आणि एवढं राहिलं.” लोकांना वाटायचं, केवढा हा विनय.

मग शहरात नवं रुग्णालय झालं. त्यांच्या व्यवस्थापकांना सगळं आधुनिक हवं होतं. त्यांनी ढोबळ मागितलं. चिमणीने सांगितलं, दर्शनी भिंतीवर एक मोठा शब्द घ्या, आत साधी अक्षरं वापरा. ते हो हो म्हणाले.

काही काळाने पेंटरला तपासणीसाठी तिथेच जायचं होतं. वहिनींचा गुडघा धरला होता, म्हणून मी बरोबर गेलो. आत शिरलो आणि दोघंही उभेच राहिलो. जिकडे बघावं तिकडे ढोबळ. दारांवर, खांबांवर, जिन्यावर, तळहाताएवढ्या अक्षरांत. मला वाचता येतं असा माझा आजवरचा समज होता. तो तिथे पाच पावलांत गळून पडला.

“डोळ्यांचा विभाग कुठे लिहिलाय?” मी विचारलं.

“थांब, बघतोय.” तो एकेक अक्षर हेरत होता. त्याला अक्षरं ओळखू येत होती, पण ती माळ ओवेपर्यंत मागून लोक धक्के देत होते. मी वैतागून एका पाटीकडे बोट केलं. “हा काय बाण आहे डावीकडे. चल.”

“तो बाण नाही. भ आहे.”

“अरे, डोळ्यांना दिसतोय बाण!”

“माझाच भ मी ओळखणार नाही?”

मी त्याला ओढतच डावीकडे नेलं. बोळ संपला तिथे एक दार होतं, आणि दार उघडलं तर चादरी धुण्याची खोली. आमच्याआधीच तिथे काही माणसं येऊन उभी होती, हातात केसपेपर घेऊन. धुणाऱ्या बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “या, तुम्हीही या. ती भूल विभागाची पाटी आहे, बाण नाही. रोज किती लोकांना सांगू?”

म्हणजे पेंटरचं खरं होतं. मी नमतं घेतलं आणि पुढचा रस्ता त्याच्यावर सोपवला. तो एका पाटीखाली उभा राहिला, बोट मांडीवर फिरवलं, आणि म्हणाला, “भनेत्र.”

“भनेत्र म्हणजे काय?”

“मला काय माहीत? डॉक्टरी शब्द असेल.”

तो बाण होता. या वेळी खरोखरचा बाण. ढोबळातलाच त्रिकोण पट्टीसकट उचलून त्यांनी बाण म्हणून वापरला होता. आम्ही ‘भनेत्र’ शोधत जिना चढलो, उतरलो आणि परत भूलच्या पाटीपाशी आलो. वाटेत आणखी दोघं आमच्या मागे लागले, पेंटर इतकं मन लावून पाट्या बघतोय म्हणजे त्याला ठाऊक असणार अशा समजुतीने.

आणि मग तो माणूस आला. पुढे चाकाची खुर्ची, खुर्चीत त्याची आई, तोंड उघडून श्वास ओढत असलेली. तो खुर्ची ढकलत भूलच्या पाटीपाशी आला, डावीकडे वळला, आम्ही “अहो, तिकडे नाही!” म्हणेपर्यंत चादरींच्या खोलीपर्यंत गेला आणि परत आला. घामाघूम. डोळे लाल. पाट्यांकडे बघत त्याने सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं विचारलं, “कुणी लिहिलंय हे? कोण शहाणा आहे तो?”

मी पेंटरच्या दंडाला धरलं. त्याने तो सोडवून घेतला.

“मी,” तो म्हणाला.

तो माणूस त्याच्या अंगावरच आला. “तुम्ही? तुम्हाला तरी वाचता येतं का हे?”

“नाही,” पेंटर म्हणाला. “मला वाचता येत नाही.”

त्या माणसाला वाटलं असावं की म्हातारा तोंडावर थट्टा करतोय. त्याने हात उगारला, पण मग पेंटरच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याचा हात तसाच राहिला. तेवढ्यात एक परिचारिका धावत आली, तिने खुर्चीचा ताबा घेतला आणि योग्य दाराने आत नेली. आम्ही तिथेच बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो माणूस बाहेर आला, आमच्याकडे न बघताच म्हणाला, “ठीक आहे ती आता,” आणि पाणी प्यायला निघून गेला.

पेंटरची तपासणी त्या दिवशी राहूनच गेली.

घरी आल्यावर त्याने चिमणीला बोलावलं. ती रडकुंडीला आली. “बाबा, मी सांगितलं होतं त्यांना. फक्त बाहेर वापरा म्हटलं होतं.”

“तू सांगितलंस. त्यांनी ऐकलं नाही. भ मी केला. बाण त्यांनी लावला. आणि श्वास त्या बाईचा अडकला. यात चूक कुणाची ते माझ्या डोक्यात शिरत नाही चिमणे, आणि मी आता शोधतही नाही. पाट्या उतरव.”

व्यवस्थापक सहजासहजी ऐकेनात. “लोकांना सवय होईल,” ते म्हणाले. चिमणीने वाद घातला नाही. त्यांना खाली बोळात नेऊन बाकावर बसवलं आणि म्हणाली, “थोडा वेळ बसा.” पहिल्यांदा एका आजोबांनी त्यांना दातांचा विभाग विचारला. मग एका बाईने प्रसूतीचा. मग एका मुलीने बाहेर जायचा रस्ता विचारला, आणि ते उठून उभे राहिले, दोन्हीकडे बघितलं, आणि त्यांनाही चटकन सांगता आलं नाही. त्यांनी मान्य केलं.

नव्या पाट्या लिहायला पेंटर स्वतः गेला. व्यवस्थापकांनी चिमणीला हळूच विचारलं, “पण यांना वाचता येत नाही ना?” त्याने ऐकलं. “लिहायला वाचावं लागत नाही,” तो म्हणाला. “कसं ते मला विचारू नका.”

तो शिडीवर आणि चिमणी खाली, अक्षर न अक्षर वाचून बघणारी. जुनं वळण, जुना मुरका, वरची रेघ सलग. मी बघायला गेलो होतो. हात असा चालत होता की मधे काही झालंच नव्हतं. मधूनच तो थांबून विचारायचा, “काय झालं लिहून?” आणि तिने सांगितलं की पुढे जायचा. चिमणी चहा आणायला गेली तेवढ्यात त्याने ‘प्रतीक्षा कक्ष’ दुसऱ्यांदा लिहून टाकला, शेजारच्याच दारावर. तिथे खरं म्हणजे भांडार होतं. ती परत येऊन कपाळाला हात लावणार, तोवर दोन माणसं तिथे जाऊन बसलीसुद्धा होती. व्यवस्थापक म्हणाले, राहू दे, नाहीतरी जागा कमीच पडते.

ढोबळ फक्त दर्शनी भिंतीवर राहिलं. चिमणीने भ बदलला, त्रिकोणाचं टोक छाटलं. पेंटरला तो नवा भ ओळखू येत नाही. “तुझा तू वापर,” तो तिला म्हणाला. घरच्या कागदांवर जुनाच चालतो.

मध्यंतरी कला शिकणारी काही मुलं त्याला भेटायला आली. भविष्याबद्दल तुमचा विचार काय, रेघ काढून टाकण्यामागे भूमिका काय, असं बरंच विचारलं. त्याने जमेल तसं सांगितलं, मुलांनी भराभर लिहून घेतलं. ती गेल्यावर तो रस्ता ओलांडून माझ्याकडे आला.

“काच्या, यांना त्याच्यात भविष्य दिसतं म्हणे. तुला दिसतं?”

“मला गोल आणि चौकोन दिसतात.”

“हं,” तो म्हणाला, आणि माझ्या काचा बघत बसला. त्याला बरं वाटलं की वाईट, ते मला सांगता येणार नाही.

वाचणं परत आलेलं नाही, येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. दुकान मात्र रोज उघडतं. सध्या तो आकड्यांवर अडलाय. खेळाच्या मैदानावरच्या धावफलकाला ढोबळ आकडे हवेत आणि एक आणि नऊ काही केल्या वेगळे होत नाहीत. पुठ्ठ्याचा एक आकडा हातात धरून तो दारात उभा असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतो. काल पोस्टमन सापडला.

“हा एक की नऊ?”

पोस्टमनने सायकल थांबवली, मान वाकडी करून बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं.

“सहा?” तो म्हणाला.